गोल्फवाल्यांच्या गाड्या आणि रस्त्यात थांबणारी माणसं

मंडळी, आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गोल्फ खेळणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. क्रिकेट, कबड्डी, पत्ते आणि निवडणुका हे चार खेळ आमच्याकडे मनापासून खेळले जातात. पण एक गंमत सांगतो. गोल्फमध्ये चेंडू शेवटी ज्या भोकात ढकलायचा असतो त्याचा व्यास असतो १०८ मिलिमीटर. आणि आमच्या लोणारच्या विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. भागाकार करून बघा, जवळजवळ सतरा हजारपट! वरून कुणीतरी एक दगड हाणला आणि तो थेट लोणारात. 'होल इन वन'चा असा नमुना जगात दुसरीकडे शोधून दाखवा. असो.

तर आज गोल्फवर का? आयटीत एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. माणूस एका ठराविक पदाच्या वर गेला की अचानक गोल्फबद्दल बोलायला लागतो. दोन वर्षांपूर्वी जो कँटीनमध्ये आपल्याबरोबर वडापाव खात होता, तो आता 'हँडिकॅप' वगैरे शब्द वापरतो. त्यामुळे माझ्या डोक्यात गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा, हिरवळीवर टाइमपास करण्याचा खेळ असं पक्कं बसलं होतं. मग या खेळाचा जुना इतिहास वाचायला घेतला आणि भलतंच काहीतरी हाती लागलं. १९३०च्या दशकातले अमेरिकेतले व्यावसायिक गोल्फर हे आपल्या तमाशाच्या फडासारखे होते. आज या गावात, पुढच्या आठवड्यात त्या गावात. सगळा संसार गाडीत. आणि गाडी बंद पडली की संसार बंद!

थोडी पार्श्वभूमी सांगतो. तेव्हा गोल्फ खेळून पोट भरणं जवळजवळ अशक्य होतं. बहुतेक खेळाडू उन्हाळ्यात एखाद्या क्लबात नोकरी करायचे. सभासदांना खेळ शिकवायचा, काठ्या दुरुस्त करायच्या, दुकान सांभाळायचं. थंडीत उत्तरेकडचे क्लब बंद असत. मग ही मंडळी गाडी काढून कॅलिफोर्नियाला जायची, आणि तिथून ॲरिझोना, टेक्सास करत फ्लोरिडापर्यंत स्पर्धा खेळत खेळत प्रवास करायची. बक्षीस फक्त वरच्या काही जणांना. बाकीच्यांनी पेट्रोल, हॉटेल, जेवण सगळं स्वतःच्या खिशातून करायचं. खर्च वाचावा म्हणून दोन-तीन जण एका गाडीत जायचे. वाळवंटातून जाताना गाडीच्या पुढच्या बाजूला पाण्याची कॅनव्हासची पिशवी लटकवलेली असे. म्हणजे आपली छागल हो! उन्हाळ्यात जीपला आणि ट्रकला लटकणारी छागल आमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून आठवते. अकोला-खामगावच्या मे महिन्यात तिचं महत्त्व काय असतं हे पुण्याच्या लोकांना सांगून कळणार नाही.

या फडातलाच एक गडी होता बेन होगन. जन्म १९१२चा, टेक्सासमधला. बाप लोहारकाम करायचा. बेन नऊ वर्षांचा असताना बापाने आत्महत्या केली. घरात पैसा नाही, म्हणून पोरगा फोर्ट वर्थच्या रेल्वे स्टेशनवर पेपर विकायला लागला. मग त्याला कळलं की गावाबाहेरच्या ग्लेन गार्डन नावाच्या क्लबात साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी उचलली की एका फेरीचे ६५ सेंट मिळतात. अकराव्या वर्षी तो कॅडी झाला. त्याच क्लबात त्याच वयाचा आणखी एक कॅडी होता, बायरन नेल्सन. एकाच क्लबात पिशव्या उचलणारी ही दोन पोरं पुढे जगातले सर्वोत्तम गोल्फर झाली. आमच्या बॅचमधून दोन जण एकाच कंपनीत लागले तरी आम्ही पार्टी केली होती!

होगन १९३०मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, व्यावसायिक झाला. आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं काहीच घडलं नाही. पैसे संपले की घरी परत यायचं, मिळेल ते काम करायचं, थोडे जमले की पुन्हा निघायचं. १९३५मध्ये लग्न झालं. बायकोचं नाव व्हॅलरी. तीही मग गाडीत बसून गावोगाव फिरायला लागली.

जानेवारी १९३८. कॅलिफोर्नियात ऑकलंडला स्पर्धा होती. नवराबायकोकडचे पैसे संपत आले होते. इथे काही मिळालं नाही तर गोल्फ सोडून घरी जायचं, असा विषय झालेला. सकाळी होगन हॉटेलातून बाहेर येतो तर गाडी दगडांवर उभी. मागची दोन्ही चाकं रात्रीतून कुणीतरी काढून नेलेली! सॅम स्नीड नावाचा दुसरा मोठा खेळाडू तिथे होता. त्याने पुढे लिहून ठेवलंय की होगन अगदी रडायच्या बेतात होता आणि भिंतीवर मुठी आपटत होता.

इथे जरा थांबून विचार करा. आज आपली गाडी बंद पडली तर आपण ॲप उघडतो, कॅब बोलावतो, ऑफिसला मेसेज टाकतो, 'वर्किंग फ्रॉम होम'. होगनकडे यातलं काहीच नव्हतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर त्याच्या आयुष्यात 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' होता, आणि तोच कुणीतरी स्पॅनर लावून खोलून नेला. पण त्या दिवशी फडातली इतर मंडळी होती. एकाच्या गाडीची चाकं गेली तर दुसऱ्याच्या गाडीत जागा होती. होगन मैदानावर पोचला, जीव तोडून खेळला, आणि पुढचा प्रवास चालू ठेवण्यापुरते पैसे त्याला मिळाले. दोन वर्षांनी, मार्च १९४०मध्ये, पाइनहर्स्टला त्याने एकट्याच्या बळावर पहिली स्पर्धा जिंकली आणि लागोपाठ आणखी दोन. १९४०, ४१ आणि ४२ अशी तिन्ही वर्षं अमेरिकेत बक्षिसांची सर्वात जास्त कमाई त्याचीच होती.

वाटेत गाडी बिघडणं आणि वाटेतल्या माणसांनी ती चालू करून देणं, ही गोष्ट मोटारीइतकीच जुनी आहे. अगदी शब्दशः. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास केला तो ऑगस्ट १८८८मध्ये जर्मनीत बर्था बेंझ या बाईंनी. कार्ल बेंझची बायको. नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या मॅनहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाल्या. साधारण १०० किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. इंधन संपलं तेव्हा वीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. साखळीचं काम एका लोहाराने करून दिलं. ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे जगातल्या पहिल्या रोड ट्रिपचं सर्व्हिस सेंटर काय होतं? एक औषधवाला, एक लोहार आणि एक चांभार.

आपल्याकडे वेगळं काय होतं? खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी बाजारपेठ. १८७०मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, त्याआधी सगळा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि बंड्यांतून जायचा. आमची काळी माती कापसाला चांगली, रस्त्याला वैरी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. अजूनही आमच्याकडचे रस्ते दोन पावसाळ्यांत उखडतात त्यात कंत्राटदाराबरोबर मातीचाही थोडा वाटा आहे बरं का! अशा रस्त्यात बंडी फसली, आरा मोडला, चाकाची लोखंडी धाव सैल झाली तर पुढच्या गावातला सुतार आणि लोहार हाच इलाज. रस्ता गावागावातून जायचा, आणि म्हणून प्रवास पूर्ण व्हायचा.

पुढे मोटारी आल्या, ट्रक आले, मलकापूर-नांदुरा-खामगाववरून राष्ट्रीय महामार्ग ६ गेला (आता त्याचा नंबर ५३). लोहाराच्या जागी पंक्चरवाला आला, चहाची टपरी आली. पण तत्त्व तेच. रात्री अकरा वाजता नांदुऱ्याजवळ गाडी बाजूला घेऊन उभे राहा, दहा मिनिटांत कुणीतरी "काय झालं भाऊ?" म्हणत येतोच. त्यातले निम्मे मदत करतात, निम्मे नुसता सल्ला देतात. पण येतात.

आता होगनकडे परत येऊ.

१० जानेवारी १९४९. 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होगनचं चित्र. आदल्या वर्षी यूएस ओपन आणि पीजीए या दोन्ही मोठ्या स्पर्धा त्याने जिंकल्या होत्या. वय ३६. जानेवारीच्या शेवटी फिनिक्सची स्पर्धा झाली. त्यात तो बरोबरीनंतरच्या फेरीत हरला आणि नवराबायको कॅडिलॅक गाडीतून घराकडे, फोर्ट वर्थला निघाले. आता पैशाची ददात नव्हती, तरी प्रवास गाडीनेच.

२ फेब्रुवारीच्या सकाळी पश्चिम टेक्सासमधल्या व्हॅन हॉर्न गावातून ते निघाले. रस्ता दोन पदरी, यूएस ८०. दाट धुकं. होगन हळू चालवत होता. पुढे एक अरुंद पूल, दोन्ही बाजूंना कठडे. समोरून एक ट्रक येत होता आणि त्या ट्रकला ओव्हरटेक करत एक ग्रेहाउंड बस. दोन दिवे नाहीत, चार दिवे! डावीकडे कठडा, उजवीकडे कठडा. जायला जागाच नाही. शेवटच्या क्षणी होगनने स्टीअरिंग सोडलं आणि बायकोला वाचवायला तिच्या अंगावर झेप घेतली.

बस धडकली. धडकेने स्टीअरिंगचा दांडा मागे घुसला आणि ड्रायव्हरच्या सीटच्या आरपार गेला. त्या सीटवर होगन असता तर जागीच संपला असता. बायकोला वाचवायला गेला म्हणून तोही वाचला. व्हॅलरीला किरकोळ जखमा झाल्या. त्याचं कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं, गळ्यापाशी हाड मोडलं, घोटा मोडला, बरगडी मोडली.

या गोष्टीतला जो भाग मला सगळ्यात जास्त लागला तो आता. अपघातानंतर गाड्या थांबल्या. माणसं जमली. आणि ॲम्ब्युलन्स यायला सुमारे दीड तास लागला. का? तर जमलेल्या प्रत्येकाला वाटलं, बोलावली असेल कुणीतरी. कुणीच बोलावली नव्हती.

आपल्या टीममध्ये हे रोज होतं. सर्व्हर बंद पडतो, ईमेलवर वीस लोक असतात, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. तिथे फार तर क्लायंट ओरडतो. इथे एक माणूस रस्त्याच्या कडेला दीड तास पडून होता.

त्याला दोनशेपेक्षा जास्त किलोमीटरवरच्या एल पासोच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे दोन आठवड्यांनी पायातल्या रक्ताच्या गाठी फुप्फुसाकडे सरकायला लागल्या. न्यू ऑर्लिन्सचे प्रसिद्ध सर्जन डॉ. ऑल्टन ऑक्सनर यांना हवाई दलाच्या विमानाने आणलं. त्यांनी पोटातली मुख्य नीला बांधून टाकली. जीव वाचला, पण पायांचं रक्ताभिसरण कायमचं अधू झालं. १ एप्रिलला तो हॉस्पिटलातून बाहेर पडला. हा परत नीट चालेल का, हाच प्रश्न होता. गोल्फचं तर कुणी बोलतच नव्हतं.

पुढचं गोल्फवाल्यांना तोंडपाठ असतं. जून १९५०, मेरियन, यूएस ओपन. अपघाताला सोळा महिने झालेले. तेव्हा शेवटच्या दिवशी ३६ होल्स खेळावे लागत, म्हणजे एका दिवसात पंधराएक किलोमीटर चालणं. दोन्ही पायांना जांघेपासून घोट्यापर्यंत पट्ट्या. शेवटच्या होलवर बरोबरी साधायला एक लांब फटका हवा होता, तो त्याने मारला. त्या फटक्याचा पाठमोरा फोटो गोल्फमधला सगळ्यात प्रसिद्ध फोटो समजला जातो. दुसऱ्या दिवशी आणखी १८ होल्स, तिघांत सामना, आणि होगन जिंकला. १९५३मध्ये तो मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून समुद्रापलीकडे स्कॉटलंडला, कार्नूस्टीला गेला. तिकडचा चेंडू वेगळा, किंचित लहान. तो आधी जाऊन त्या चेंडूवर सराव करत बसला आणि ब्रिटिश ओपनही जिंकून आला. आयुष्यात ती स्पर्धा तो तेवढी एकदाच खेळला.

माझ्यातल्या इंजिनिअरला मात्र तो सीटच्या आरपार गेलेला दांडा सोडत नाही. तेव्हाच्या गाड्यांत स्टीअरिंगचा दांडा म्हणजे सरळसोट लोखंडी भाला, टोक ड्रायव्हरच्या छातीकडे. सीटबेल्टही नाही. तीन बिंदूंचा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोहलिनने १९५९मध्ये आणला. धडकेत दुमडणारा स्टीअरिंगचा दांडा अमेरिकन गाड्यांत १९६७च्या सुमारास सरसकट यायला लागला आणि १९६८पासून तिथे कायद्याने सक्तीचा झाला. आज तुमच्या-माझ्या गाडीत तो असतो, आपल्याला माहीतही नसतं. म्हणजे गाडीचा प्रश्न इंजिनिअरांनी बऱ्यापैकी सोडवला. त्या दीड तासाचं काय?

हा प्रश्न टेक्सासचा राहिला नाही म्हणून आज लिहायला बसलो. आमच्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. मुंबई-नागपूर, ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला, शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला. रस्ता उत्तम आहे, उगाच नावं ठेवणार नाही. नागपूरला जाणारे आमचे नातेवाईक खूश आहेत. गाड्यांना १२०ची मर्यादा, दोन्ही बाजूंना कुंपण, गुरं नाहीत, सायकल नाही, सिग्नल नाही. मैलोन्‌मैल सरळ.

३० जून २०२३ची रात्र उलटल्यावर, १ जुलैच्या पहाटे, नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे खांबाला आणि दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. बसमध्ये ३३ जण होते. २५ जण गेले. दार गाडीखाली दबलेलं होतं. काच फोडून काही जण बाहेर पडले. त्या वाचलेल्यांनी मदतीला आलेल्या गावकऱ्यांना सांगितलं की आम्ही जाणाऱ्या गाड्यांना हात करत होतो, पण कुणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी २४ जणांवर बुलढाण्यात एकत्रच अंत्यसंस्कार झाले, कारण ओळख पटवणं अशक्य होतं. नागपूर-पुणे, म्हणजे आपल्यासारख्यांचीच बस. शनिवारी-रविवारी घरी जाऊन येणाऱ्यांची, पुण्यात नोकरी-शिक्षण असणाऱ्यांची.

कुणी थांबलं असतं तर किती वाचले असते, हे मी सांगू शकत नाही. आगीपुढे दोन मिनिटांत काय करणार? आणि १२०ने जाणारा माणूस रात्री अंधारात, अनोळखी ठिकाणी थांबायला घाबरतो, हेही मला समजतं. मला दोष द्यायचा नाहीये. मला रचनेबद्दल बोलायचंय. जुना रस्ता गावातून जायचा, म्हणून माणसं आपोआप मिळायची. लोहार, पंक्चरवाला, टपरीवाला ही त्या रस्त्याची न लिहिलेली 'सपोर्ट टीम' होती. नवा रस्ता मुद्दाम गावापासून तोडलाय, वेगासाठी आणि सुरक्षेसाठी. त्याचे फायदे आहेतच. पण कुंपण घातलं की जनावराबरोबर "काय झालं भाऊ?" म्हणणारा माणूसही बाहेर राहतो. मग त्याची जागा कुणीतरी भरायला हवी. गस्तीची गाडी, जवळची ॲम्ब्युलन्स, क्रेन, आग विझवणारी गाडी, ठरावीक अंतरावर खाण्यापिण्याची आणि थांबण्याची सोय. रस्ता बांधताना यांचा हिशोब सिमेंटइतकाच काटेकोर धरला पाहिजे. आपण आधी 'गो लाइव्ह' करतो आणि सपोर्टचं नंतर बघू म्हणतो, तसं इथे चालत नाही.

दुसरा भाग आपला. "थांबलो तर पोलिसांच्या लफड्यात अडकू" ही भीती पूर्वी खरी होती. ३० मार्च २०१६ला सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं पक्की केली. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. आता अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, ही तुमची मर्जी. हे आमच्या गावात फार जणांना माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या ऑफिसातही नाही. मी चौघांना विचारलं, चौघांनीही "कोर्टात जावं लागतं ना?" हेच उत्तर दिलं.

तेव्हा पुढच्या वेळी दिवाळीला गावाकडे गाडी काढाल तेव्हा टायरची हवा बघा, मागच्या सीटवरही बेल्ट लावा, दर दोन तासांनी उतरून चहा घ्या. आणि वाटेत कुणाची गाडी वाकडीतिकडी दिसली तर निदान १०८ किंवा ११२ला फोन करा. सुरक्षित जागा बघून, इंडिकेटर लावून थांबता आलं तर थांबा. आधीच चार माणसं जमलेली दिसली तरी फोन लावाच. "बोलावली का ॲम्ब्युलन्स?" एवढा एक प्रश्न त्या टेक्सासच्या पुलावर कुणी मोठ्याने विचारला असता तर होगनचा तो दीड तास वाचला असता.

पुढच्या शनिवारी खामगावच्या रेल्वे फाट्याबद्दल लिहीन म्हणतो. प्रॉडक्शन सपोर्टने वेळ दिला तर!